सभेत मुद्दा पटवायचा कसा?

प्रश्न : आमच्या ४० सदनिकांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मला गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरवेलला जिरवण्याचा विषय मांडायचा आहे. गेल्या वर्षी बोललो तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून विषय मागे पडला. या वेळी पाच मिनिटं मिळतील. तयारी कशी करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : माना डोलावल्या म्हणजे विषय पटला होता, पण सभेनं नेमकं काय करायचं हे तुमच्या बोलण्यात आलं नसावं. म्हणून भाषणाचं शेवटचं वाक्य आधी लिहा, तेही ठरावाच्या भाषेत : ‘गच्चीचं पाणी फिल्टरमधून बोअरवेलला जिरवण्याचं काम मेअखेर पूर्ण करावं आणि त्यासाठी अमुक रुपयांपर्यंतच्या खर्चास ही सभा मंजुरी देत आहे.’ रकमेसाठी तीन ठिकाणची दरपत्रकं आधीच मागवा. समितीला लेखी पत्र देऊन विषय विषयपत्रिकेत घालून घ्या. खर्चाचा ठराव ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून आला, तर आधी कळवलं का नाही यावरच वाद रंगतो.

आता आकडे. ‘पाणी म्हणजे जीवन’ या वाक्यावर कुणी पैसे काढत नाही. १ चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. गच्ची ५०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर साडेतीन लाख लिटर. त्यातलं २० टक्के वाया गेलं असं समजलं, तरी २ लाख ८० हजार लिटर उरतं, म्हणजे १० हजार लिटरचे २८ टँकर. पण ‘२८ टँकर वाचतील’ असं चुकूनही म्हणू नका. जिरवलेलं सगळं पाणी तुमच्याच बोअरला परत येत नाही, आणि हे जाणणारा एक तरी सभासद समोर असतोच. त्यानं तेवढं खोडून काढलं की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. ‘२८ टँकर पाणी आपण दर वर्षी गटारात सोडतो’ हे खरं आहे आणि तेवढंच पुरेसं आहे. सोबत गेल्या उन्हाळ्याचं टँकरचं एकूण बिल सांगा.

सर्वांत अवघड आक्षेप तुम्हीच काढा, साधारण तिसऱ्या मिनिटाला. बहुधा तो असेल, ‘गच्ची गळायला लागली तर?’ उत्तर थेट द्या : पाणी गच्चीवर साठवायचं नाही, आहेत त्याच पाइपांतून खाली आणायचं आहे. वरच्या मजल्यावरच्या दोघा-तिघांना सभेआधी घरी जाऊन भेटा. त्यांची शंका सभेत पहिल्यांदा कानावर येणं परवडत नाही. अनुमोदकही तेव्हाच ठरवा.

सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. सभेत टाळ्या, चुळबुळ, माइकची खरखर यात वेळ जातो, म्हणून भाषण चारच मिनिटांचं बांधा : साधारण ४५० शब्द. उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून किमान तीनदा म्हणा. मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमी कमी भरतो. ठराव वाचून झाला की थांबा. ‘तरी सर्वांनी विचार करावा’ हे शेपूट जोडलंत की सभा खरोखरच विचार करायला वर्षभर घेते.

प्रश्न : बोलायला उभी राहिले की हात थरथरतात आणि पहिलं मिनिट पळत सुटल्यासारखं जातं. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पातळ कागद थरथर दाखवतो, पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या. त्यावर पहिलं व शेवटचं वाक्य पूर्ण लिहा, मध्ये फक्त आकडे आणि एकेक शब्द. पहिली दोन वाक्यं तोंडपाठ हवीत, कारण गडबड तिथंच होते. उभं राहिल्यावर श्वास पूर्ण सोडा, शेवटच्या रांगेतल्या एका माणसाकडे पाहा आणि त्याला ऐकू जाईल असं पहिलं वाक्य बोला. वेग आपोआप उतरतो. माइक तोंडापासून वीतभर दूर धरा.

प्रश्न : मध्येच कुणी प्रश्न विचारून तोडलं तर? – एक वाचक, सातारा

उत्तर : उत्तर एका वाक्यात होत असेल तर तिथंच द्या आणि पुढे चला. लांबणारं असेल, तर प्रश्न सर्वांसमोर कार्डावर लिहून घ्या, ‘शेवटी घेतो’ म्हणा आणि शेवटी त्याच माणसापासून सुरुवात करा. माहिती नसेल, तर किती दिवसांत आणि कुठे कळवाल ते सांगा, म्हणजे सचिवांना ते इतिवृत्तात नोंदवता येतं.