चार-पाच वर्षांच्या मुलांना आखाजी काय असते, हे चित्र रंगवून कसं सांगायचं?

आखाजी म्हणजे आपल्या खानदेशातली अक्षय तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया, हे त्यांना आत्ता सांगू नका. झोक्यापासून सुरुवात करा. कडुलिंबाचं झाड, दोराचा झोका आणि त्यावर माहेरी आलेली आत्या, एवढंच एका कागदावर जाड रेघांनी काढा. रंगवताना विचारा, "आपल्या घरी आखाजीला कोण येतं?" मग पोरं रंग बाजूला ठेवून बोलायलाच लागतात. लागू द्या, खरं शिकणं तेच.

दुसऱ्या कागदावर घागर. पाण्याने भरलेली मातीची घागर, वर खरबूज आणि आंबे. घरात पूजेची घागर भरत असाल तर ती आधी दाखवा, मग विटकरी खडू हातात द्या. पितर म्हणजे काय असं विचारलं, तर "आपल्या आजोबांचे आजोबा, त्यांच्यासाठी गार पाणी" एवढं पुरतं.

खापरावरच्या, म्हणजे चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या, पुरणपोळीचं चित्र मात्र फसतं. ती इतकी पांढुरकी, की रंगवायला काही उरतच नाही! त्यापेक्षा शेजारी आमरसाची वाटी काढा, पिवळा खडू संपेपर्यंत रंगवतील.

तयार छापील चित्रं शोधत बसू नका, त्यात आपला खानदेश क्वचितच सापडतो. आजीला गौराईचं, म्हणजे आखाजीला पूजतात त्या गौरीचं, गाणं म्हणायला बसवा आणि मुलांना तिच्यासमोर रंगवू द्या. झाड जांभळं झालं तरी दुरुस्त करू नका.