वाचकांचे प्रश्न : ओस इमारती आणि भंगाराचा काटा

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेले असताना तिने मला डेट्रॉईट शहरातील मिशिगन सेंट्रल हे जुने रेल्वे स्थानक दाखवले. आता ते इतके देखणे झाले आहे की, मधल्या काळात चोरांनी त्याच्या भिंती फोडून आतल्या नळ्या आणि तारासुद्धा नेल्या होत्या, हे सांगूनही खरे वाटत नाही. एवढ्या श्रीमंत देशात, भर शहरात, इतकी वर्षे हे कसे चालले?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : हे स्थानक 1913 साली सुरू झाले आणि जानेवारी 1988 मध्ये तेथून शेवटची गाडी सुटली. फोर्ड कंपनीने 2018 साली ते विकत घेतले आणि जून 2024 मध्ये ते पुन्हा लोकांसाठी उघडले. बंद पडणे आणि विकले जाणे यांत तीस वर्षे गेली, आणि आपण ऐकलेली कथा त्या तीस वर्षांतली आहे. मोटारधंदा आटला तसे शहरही आटले. 1950 मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास असलेली वस्ती 2010 मध्ये सव्वासात लाखांच्याही खाली आली. हजारो घरे, शाळा, कारखाने कुलूप लावून किंवा कुलूपही न लावता सोडून दिले गेले. त्याच सुमारास धातूंचे भाव चढले. 2003 मध्ये टनाला साधारण 1,800 डॉलरला मिळणारे तांबे 2008 च्या उन्हाळ्यात 8,000 डॉलरच्या पुढे गेले होते. रिकामी घरे आणि महाग तांबे एकाच वेळी एकाच शहरात आल्यावर पुढचे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

अशी लूट एका ठरावीक क्रमाने होते. वजनाच्या मानाने ज्याला भाव जास्त ते आधी जाते, म्हणजे तांब्याच्या तारा आणि नळ्या, मग पितळी नळ व कड्या-कोयंडे, मग घराबाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यानंतर घर तापवणारे बिडाचे जड रेडिएटर आणि बॉयलर जिन्यावरून ढकलत खाली आणले जातात, आणि शेवटी गॅस कटर घेऊन आलेली टोळी गर्डरना हात घालते. सुरुवातीचा चोर बहुधा हातगाडी ढकलत येणारा एकटा माणूस असतो, तर शेवटचा मालमोटार घेऊन येतो. चोराला मिळणारे पैसे आणि घराचे होणारे नुकसान यांचा मेळ मात्र कधीच बसत नाही, कारण चार किलो तांब्यासाठी खोलीभर गिलावा फोडला जातो. पाणी बंद न करताच नळी कापली असेल तर तळघर भरते आणि तिथल्या थंडीत त्या पाण्याचा बर्फ होऊन भिंती तडकतात. दुरुस्त करता आले असते असे घर त्या एका हिवाळ्यात पाडण्याच्या लायकीचे होते.

पोलिसांचे म्हणाल, तर जुलै 2013 मध्ये हे शहर स्वतःच दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात उभे होते. पण केवळ पैसा नव्हता म्हणून चोऱ्या चालल्या, असे आम्हाला वाटत नाही. ओस इमारतीला फिर्यादी नसतो, आणि कापलेल्या नळीवर कोणाचे नाव नसते. भिंतीत असेपर्यंत ती कोणाची तरी मालमत्ता असते, काट्यावर पडली की नुसते वजन उरते. म्हणूनच मिशिगन राज्याने 2008 च्या कायद्याने भंगार घेणाऱ्यांवर नोंदी ठेवण्याचे बंधन घातले आणि 2014 मध्ये ते आणखी आवळले. तांब्याची तार, वातानुकूलन यंत्रे आणि मोटारींचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) या तीन वस्तूंचे पैसे जागच्या जागी रोख मोजण्यास मनाई झाली. संध्याकाळच्या गरजेसाठी सकाळी तार कापणाऱ्याला उद्या-परवा येणारा धनादेश परवडत नाही, हा त्यामागचा हिशेब. रस्त्यांवरच्या दिव्यांबाबतही असेच झाले. 2013 च्या सुमारास शहरातील जवळजवळ 40 टक्के दिवे बंद होते आणि त्याचे एक कारण तारांची चोरी हे होते. पुढे 2016 च्या अखेरपर्यंत सुमारे 65,000 एलईडी दिवे बसवले, तेव्हा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार वापरण्यात आली. चोराशी डोके लावत बसण्यापेक्षा त्याला नको असलेला माल खांबात भरलेला बरा!

स्थानकाची विक्री जाहीर झाल्यावर एका अनामिक माणसाने तेथील एका संग्रहालयाशी संपर्क साधला. वीसहून अधिक वर्षांपूर्वी स्थानकातून नाहीसे झालेले घड्याळ एका जळक्या इमारतीला टेकवून ठेवले आहे, असे त्याने कळवले. माणसे गेली, तेव्हा ते जुन्या घोंगड्यांत नीट गुंडाळलेले सापडले. तांब्याच्या तारा मात्र कोणी परत आणून देऊ शकत नाही, कारण त्या कधीच वितळलेल्या असतात.

प्रश्न : आमची लालबागमधील जुनी चाळ धोकादायक ठरल्याने दीड वर्षापूर्वी रिकामी केली आणि आम्ही सर्व भाडेकरू संक्रमण शिबिरात आहोत. आधी खिडक्यांची ग्रिल गेली, मग जिन्याचे बिडाचे कठडे, मग गच्चीकडे जाणाऱ्या नळ्या. आता रात्री गॅस कटरच्या ठिणग्या दिसतात, असे समोरचे दुकानदार सांगतात. पोलीस ठाण्यात गेलो तर "इमारत पाडायचीच आहे, मग तक्रार कशाची?" असे उत्तर मिळाले. काय करावे?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : इमारत मोकळी असणे वेगळे आणि बेवारस असणे वेगळे. आपल्या चाळीला मालक आहे, भाडेकरूंचे हक्क आहेत, आणि आपण स्वखर्चाने बसवलेली ग्रिल तर आपलीच आहेत. त्यामुळे संमतीशिवाय ती काढून नेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली सरळ चोरी आहे. इमारत उद्या पाडणार आहेत म्हणून आज तिच्यातला माल कोणीही न्यावा, असा कायदा नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. चोरीच्या मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल आणि आरोपीचा तो पहिलाच गुन्हा असेल, तर माल परत केल्यावर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे, आणि अशा किरकोळ चोरीचा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा, मानला जातो. म्हणून "काही ग्रिल चोरीला गेली" असा मोघम अर्ज देऊ नये. किती खिडक्या, किती फूट कठडा, अंदाजे वजन किती, बाजारभावाने किंमत किती, हे मजल्यावार लिहून आणि सोबत आधीची व आताची छायाचित्रे जोडून एकत्रित तक्रार द्यावी. एकेका घरातील मालाची किंमत थोडी वाटली तरी संपूर्ण चाळीच्या बिडाची आणि लोखंडाची बेरीज ही मर्यादा सहज ओलांडते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा, त्याच्या कलम 173 नुसार ही माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमानेही देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. तरीही नोंद झाली नाही, तर तीच तक्रार टपालाने वरिष्ठांकडे, म्हणजे मुंबईत परिमंडळाच्या उपायुक्तांकडे पाठवावी, आणि त्यानेही काम न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तक्रारीत माल कुठे जातो याचा उल्लेख आवर्जून करावा. समोरच्या दुकानदारांना टेम्पोचा क्रमांक दिसला असेल तर तो चोराच्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी आहे. न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि असा माल घेण्याचा धंदाच करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेपही होऊ शकते. शिवाय चोरीचा वाटावा असा माल जवळ बाळगून त्याचा समाधानकारक खुलासा न देता येणे, हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 124 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. रात्री टेम्पोत कापलेले गर्डर सापडले तर पोलिसांना लगेच वापरता येईल असे हे कलम आहे.

चोरीपेक्षाही आम्हाला काळजी वाटते ती त्या ठिणग्यांची. जुन्या चाळींचा भार सागवानी खांब-तुळया आणि लोखंडी गर्डर यांवर असतो. आधीच खिळखिळ्या झालेल्या सांगाड्यातला एक गर्डर कापला, तर कापणारा तर गाडला जाईलच, पण शेजारची इमारत आणि पदपथावरून जाणारा माणूसही त्यात सापडेल. म्हणून पालिकेच्या विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने खात्याला वेगळे पत्र द्यावे, आणि कटर चालू असल्याचे कळताच 112 वर पोलिसांना व 1916 वर पालिकेच्या आपत्ती कक्षाला कळवावे. रात्री स्वतः आत जाऊन कोणाला अडवण्याच्या फंदात पडू नये.

यात आपला पैशाचा संबंधही आहे. पाडकामाचा ठेका देताना निघणारे लोखंड आणि सागवान ठेकेदाराला मिळणार असते आणि त्याचा भाव हिशेबात धरलेला असतो. चाळ आतून पोखरली गेली की तेवढी रक्कम मालकाच्या, आणि फिरून पुनर्विकासाच्या पदरातून कमी होते. रखवालदार जरूर ठेवावा, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नये, कारण त्याच्याच संगनमताने माल बाहेर जाण्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

प्रश्न : माझे भंगाराचे लहान दुकान आहे. दिवसभरात पन्नास माणसे माल आणतात. कोणता माल चोरीचा हे मला कसे कळणार? आणि पोलीस मात्र आधी आम्हालाच उचलतात.
— एक दुकानदार, नाशिक

उत्तर : आपली तक्रार गैर नाही, मात्र कायद्याची भाषा "माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असून" अशी आहे, आणि हे कारण बहुधा मालावरच दिसते. घरातून निघालेली जुनी ग्रिल एक-दोन येतात, एकाच रंगाची पंधरा येत नाहीत. गॅस कटरने तापून निळसर झालेली गर्डरची कड, रबर जाळून काढलेले काळपट तांबे, कोणाच्या तरी मालमत्तेची पाटी घासून टाकलेली यंत्रे, हे सर्व काट्यावर ठेवण्याआधीच बोलत असते. जळके तांबे तर घेऊच नये, कारण प्लॅस्टिकचे आवरण जाळताना निघणारा धूर जाळणाऱ्याच्या आणि आसपासच्या पोरांच्या छातीत जातो, आणि तारा सोलायला वेळ नसलेला माणूस घाईत का आहे, हा प्रश्नही उरतोच.

वही ठेवावी. माल आणणाऱ्याचे नाव, ओळखपत्राची प्रत, वाहनाचा क्रमांक, मालाचे वर्णन आणि मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र एवढे पुरे. शक्य तेवढे पैसे खात्यावर द्यावेत. एका दिवसात एका व्यक्तीला 10,000 रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळत नाही, हे आपल्या हिशेबनिसाने सांगितलेच असेल. आपली जीएसटी नोंदणी असेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून घेतलेल्या धातूच्या भंगारावरचा कर आपणच भरायचा आहे, म्हणजे खरेदीची नोंद तशीही टळत नाही. रोजच्या पन्नासांपैकी अठ्ठेचाळीस जण नाव-पत्ता विनातक्रार सांगतील. उरलेले दोघे वही पाहून पुढच्या दुकानाकडे वळतील, आणि त्यांच्या पोत्यातल्या नळीला अजून ओला गिलावा चिकटलेला असेल, तर ते वळलेलेच बरे.