ईस्ट केरी जिंकलं, मग मन्स्टरला ओ'राहिलीज कसे?

तुमचे प्रश्न दोन. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये २०२२ साली केरी काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) विजेतेपद ईस्ट केरीने घेतलं, तरी पुढे मन्स्टर प्रांताच्या स्पर्धेत ट्रलीचा केरिन्स ओ'राहिलीज कसा उतरला? आणि केरीचा खेळाडू डेव्हिड क्लिफर्ड एकाच हंगामात तीन संघांकडून कसा खेळतो? खरं तर दोन्हींचं उत्तर एकच: ईस्ट केरी हा क्लब नाहीच.

गेलिक फुटबॉलमध्ये क्लब म्हणजे साधारणपणे तुमचा पॅरिश (चर्चभोवतीचा गावपरिसर). जिथले तुम्ही, तिथूनच खेळायचं, तेही बिनपगारी. मोठा क्लब बघून उडी मारणं सोपं नाही. क्लिफर्ड फॉसाचा. किलार्नीला लागून असलेलं हे छोटंसं गाव २०२२ मध्ये जुनियर श्रेणीत होतं (वयाशी संबंध नाही, खालची श्रेणी एवढंच). आता अख्ख्या देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू काउंटीच्या वरच्या स्पर्धेत दिसणारच नाही का? यावर केरीचा जुना तोडगा आहे. सीनियर क्लब स्वतंत्र उतरतात आणि खालच्या श्रेणीतल्या क्लबांतले निवडक खेळाडू एकत्र येऊन विभागाचा संघ करतात. ईस्ट केरी हा असाच विभागाचा संघ. दुलीप करंडकातला पश्चिम विभाग आठवा. फक्त इथे समोर मुंबईसुद्धा स्वतंत्र संघ म्हणून उभी असते.

पण प्रांतात फक्त खरा क्लबच जाऊ शकतो. म्हणून केरीत सीनियर क्लबांची वेगळी स्पर्धाही होते. काउंटीचं विजेतेपद क्लबने जिंकलं तर तोच पुढे जातो, विभागाने जिंकलं तर क्लब स्पर्धेचा विजेता. २०२१ ला ऑस्टिन स्टॅक्स हा क्लब जिंकला, तोच पुढे गेला, प्रश्नच आला नाही. २०२२ ला ओ'राहिलीजना दार उघडलं आणि त्यांनी थेट मन्स्टर जिंकलं. पुढे ऑल-आयर्लंड, म्हणजे देशपातळीवरच्या क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीत डब्लिनच्या किलमकड क्रोक्सने त्यांना अडवलं. गंमत म्हणजे १९७१ ची पहिली ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धा जिंकली होती ती ईस्ट केरीनेच! तेव्हा विभागांना बंदी नव्हती.

आता क्लिफर्डचं वर्ष बघा. २४ जुलैला केरीने गॉलवेला ०-२० विरुद्ध ०-१६ (आधी गोल, मग पॉइंट) असं हरवून काउंटी संघांचं ऑल-आयर्लंड जिंकलं, त्यात त्याचे आठ पॉइंट. त्या वर्षीपासून आधी काउंटी, मग क्लब अशी हंगामाची वाटणी झाल्यामुळे तो लगेच फॉसाला मोकळा झाला. फॉसाने केरीचं आणि मन्स्टरचं जुनियर विजेतेपद घेतलं, मधल्या काळात ईस्ट केरीने मिड केरी या दुसऱ्या विभागाला हरवून सीनियर करंडक उचलला. १५ जानेवारी २०२३ ला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर जुनियरच्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यात फॉसाने टिरोन काउंटीच्या स्टुअर्ट्सटाउनला ०-१९ विरुद्ध १-१३ असं हरवलं. (एका गोलचे तीन पॉइंट धरा, म्हणजे १९ विरुद्ध १६.) डेव्हिड आणि पॉडी, दोघाही भावांना त्यात लाल कार्ड मिळालं, हा भाग फॉसावाले सांगताना गाळतात. त्याच दिवशी तिथेच रॅथमोर क्लबने इंटरमीजिएटची (जुनियर आणि सीनियरच्या मधली श्रेणी) ऑल-आयर्लंड जिंकली. रॅथमोरही ईस्ट केरीतलंच.

यावरून ट्रली-किलार्नीच्या क्लबांची कुरकुर कळेल. २०१९, २०२०, २०२२, २०२३ : चार वेळा ईस्ट केरी. क्लबने वर्षभर घाम गाळायचा आणि शेवटी समोर निवडक खेळाडूंची फौज. मला त्यांची तक्रार पटते, पण विभागच बंद करा ही मागणी नाही पटत. छोट्या गावातल्या पोराला मोठं मैदान मिळायची ती वाट आहे. शिवाय व्यवस्थेतच थोडा लगाम आहे: विभागातला क्लब वर चढला की त्याचे खेळाडू विभागाच्या हातून जातात. रॅथमोर सीनियर झालं आणि ईस्ट केरीला त्यांचे खेळाडू सोडावे लागले. २०२३ चं विजेतेपद ईस्ट केरीने तरीही घेतलं, हा भाग वेगळा.