‘सि’नंतर ‘-रिया’ नाही: मराठीतल्या ‘असतो’ने केलेला घोळ

तुम्ही लिहिलंय की स्पॅनिशच्या इम्परफेक्ट सबजंक्टिव्हचा (कल्पनेतल्या, अटीच्या गोष्टी सांगणाऱ्या क्रियारूपाचा) तक्ता तोंडपाठ आहे, तरी निबंधात ‘मी पुण्यात राहत असतो तर’साठी हात आपोआप ‘सि बिबिरिया एन पुने’ (‘सि’ म्हणजे ‘जर’) लिहून जातो आणि बाई नुसती लाल रेघ मारतात, कारण सांगत नाहीत. वाचून राहवलं नाही. माझी दोन वर्षं याच रेघेखाली गेली आहेत.

मी शिक्षक नाही, भाषांतराचं काम करतो. तेव्हा व्याकरणाची नावं इकडेतिकडे झाली तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

रूपं कशी करायची ते तुम्हाला येतंच. प्रेतेरितोचं, म्हणजे साध्या भूतकाळाचं, अनेकवचनी ‘ते’चं रूप घ्यायचं (आब्लारोन, कोमिएरोन, बिबिएरोन: बोलले, जेवले, राहिले), ‘रोन’ काढून ‘रा’ लावायचा: आब्लारा, कोमिएरा, बिबिएरा. मूळ क्रियापदापासून सुरुवात करू नका, नाहीतर ‘कोमेरा’ असलं काहीतरी तयार होतं. याच अर्थाची ‘-से’वाली रूपं (आब्लासे, कोमिएसे) वाचताना ओळखता आली की पुरे. पोर्तुगीज जाणणाऱ्या गोवेकरांना ती लगेच ओळखीची वाटतील.

खरी अडचण मराठीत आहे. आपण म्हणतो, ‘मी पुण्यात राहत असतो तर रोज भेटलो असतो.’ दोन्हीकडे ‘असतो’. स्पॅनिश दोन्हीकडे एकच रूप ठेवत नाही. अटीच्या बाजूला ‘बिबिएरा’, परिणामाच्या बाजूला ‘-रिया’ (कंडिशनल, ‘झालं असतं’वालं रूप): ‘सि बिबिएरा एन पुने, नोस बेरियामोस तोदोस लोस दियास.’ शिवाय आपलं ‘वेळ असता तर आलो असतो’ हे आजच्याबद्दलही असू शकतं आणि कालच्याबद्दलही. स्पॅनिशमध्ये कालचं असेल तर ‘उबिएरा’ घालून वेगळं रूप लागतं.

मी ज्या क्लासला जायचो तिथे पहिल्याच महिन्यात फळ्यावर लिहून दिलं होतं: ‘असता, असते = -रिया’. आम्ही वहीत चौकट करून घेतलं. पुढे शंका विचारली तर ‘पाठ करा, सवयीने येईल’ एवढंच उत्तर. फी मात्र पूर्ण वर्षाची आगाऊ घेतलेली. सवय लागली, पण चुकीची. एका कंपनीच्या भाषांतर चाचणीत ग्राहकाला पत्र लिहायचं होतं: समजा आपण शुक्रवारच्या आत पैसे भरणार असता, तर सोमवारी माल पाठवता आला असता. मी लिहिलं ‘सि उस्तेद पागारिया’. हवं होतं ‘सि उस्तेद पागारा’. एकाच पत्रात हीच चूक चार वेळा. तपासणाऱ्यांनी चारही ठिकाणी गोल केला आणि नोकरी गेली. अजून राग येतो, कारण एक चुकीची चौकट फळ्यावरून पुसायला मिनिटही लागलं नसतं.

कुणी सांगेल की उत्तर स्पेनमध्ये, बुर्गोसकडे किंवा बास्क प्रदेशात, लोक ‘सि तेन्द्रिया’ सर्रास बोलतात. बोलतात, खरं आहे. परीक्षेत चालत नाही. आणि ‘येईल की नाही माहीत नाही’ यातला ‘की’च्या अर्थाचा ‘सि’ वेगळा, त्याला हा नियम लागू नाही.

मला सावरलं ते आपल्याच ‘-आवं’ने. ‘मी शिकावं अशी आईची इच्छा होती’: ‘मि माद्रे केरिया के एस्तुदिआरा.’ मराठीत इच्छा आज असो वा काल, ‘शिकावं’ तेच राहतं. म्हणून ‘आहे’ की ‘होती’ तेवढं बघा. ‘होती’ असेल तर ‘-रा’. ‘जणू’ आलं, म्हणजे ‘कोमो सि’, तर विचारही करू नका, पुढे ‘-रा’च: ‘आब्ला कोमो सि बिबिएरा आकी’ (जणू इथेच राहतो असं बोलतो). इथे ‘आहे-होती’ बघायचं कारण नाही. माझ्या मते तक्ता बाजूला ठेवून अशी वीसेक मराठी वाक्यं स्वतः करून बघणं जास्त उपयोगी. दुसऱ्याला वेगळी पद्धत जमत असेल.

एक आणखी, कारण तोंडी परीक्षा जवळ आली असेल. ‘आर’वाल्या (मूळ रूप ‘-आर’ने संपणाऱ्या) क्रियापदांत, उदाहरणार्थ, आब्लारा दोन आहेत. जोर मधल्या ‘ब्ला’वर दिला तर सबजंक्टिव्ह, शेवटच्या ‘रा’वर दिला तर भविष्यकाळ, ‘तो बोलेल’. जोराने अर्थ बदलायची आपल्याला सवय नाही, म्हणून कानाला फरक कळतच नाही. कोमिएरा आणि भविष्यकाळातलं कोमेरा यांत तो धोका नाही. तेव्हा मोठ्याने सराव करायचा तो ‘आर’वाल्यांचाच करा, आणि ‘आब्लारामोस’ म्हणतानाही जोर ‘ब्ला’वरच. लिहिताना तिथे वरची तिरकी रेघ विसरू नका.