एनजिनएक्स ह्या वेब सर्व्हरच्या कॅशेसाठी (तयार पानांच्या साठ्यासाठी) ‘अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग’ हेडर (ब्राउझरला कोणत्या तऱ्हेने दाबलेलं पान चालतं ते सांगणारी ओळ) नॉर्मलाइज, म्हणजे एकसारखं, करायची खरंच गरज आहे का, की रॅम वाढवून भागेल?

रॅमचं नाव वाचलं आणि डोकं तापलं. हाच सल्ला माझ्या पुण्यातल्या मामेभावाने दिला होता, आणि मी तो ऐकला होता.

आमच्या आर्णी तालुक्यात मी कापूस-तुरीच्या भावाची साइट चालवतो. सीतादही (वेचणीआधीची पूजा) होऊन वेचा सुरू झाला की गाडी भरायच्या आधी जो तो मोबाइलवर भाव पाहतो. पान एकच, १० मिनिटं कॅशेत. तरी मागे पान बनवणारा पीएचपी सकाळी नऊच्या सुमारास रोज मान टाकायचा. भाऊ म्हणे, "१ जीबीत काय होते बे? २ जीबीचा घे." घेतला. भाडं कापसाच्या चुकाऱ्यातून गेलं. बाबांना काय सांगितलं ते विचारू नका. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी लॉगमध्ये हेडर छापून पाहिलं. कोणाचं ‘जीझिप, डिफ्लेट’ (ह्या पान दाबायच्या पद्धती), कोणाचं त्यापुढे ‘बीआर’ (म्हणजे ब्रॉटली), नव्या क्रोमचं (२०२४ पासून) आणखी एक ‘झेडएसटीडी’, बॉटचं नुसतं ‘जीझिप’, काहींचं कोरंच. मागून ‘व्हेरी: अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग’ (ह्या हेडरप्रमाणे पान बदलतं, अशी सूचना) येत होतं, म्हणून प्रत्येक तऱ्हेची वेगळी प्रत. अडत्याच्या वहीत एकाच माणसाचं नाव पाच तऱ्हांनी लिहिलं की पाच खाती पडतात, तसं. त्यात मागच्या सर्व्हरला जीझिपशिवाय काही येतच नव्हतं! पाचातल्या चार प्रती हुबेहूब सारख्या. ह्यात रॅम काय करणार? कोठा मोठा बांधला म्हणून एकाच कापसाच्या पाच गंज्या लावायच्या का?

आता तुमचं. मॅप (एका किमतीवरून दुसरी ठरवायची एनजिनएक्सची सोय) लावून हेडर ‘जीझिप’ किंवा रिकामं, एवढंच ठेवा. पण मागच्या सर्व्हरला पाठवायचं हेडर बदलून भागत नाही, इथे माझी एक रात्र गेली. एनजिनएक्स व्हेरीची तुलना ब्राउझरच्या मूळ हेडरशी करतो. म्हणून मॅपची किंमत कॅशेच्या कीमध्ये (प्रत ज्या खुणेने साठवतात तिच्यात) टाका आणि मागून येणाऱ्या व्हेरीकडे दुर्लक्ष करायला सांगा. वार्निश (दुसरं कॅशे सॉफ्टवेअर) असता तर हा प्रश्नच नव्हता, तो ३.० पासून (२०११) हे स्वतःच करतो.

हो, व्हेरी दुर्लक्षित केलं की त्यातलं बाकीचंही गेलं. पान भाषेनुसार बदलत असेल तर तेही कीमध्ये घ्या, नाहीतर मराठीवाल्याला इंग्रजी पान जाईल. ‘जीझिप;क्यू=०’ म्हणजे नकार, मॅपमधला साधा रेजेक्स (अक्षरं जुळवून पाहणारा नमुना) त्याला होकार समजतो. ब्रॉटली ब्राउझर फक्त एचटीटीपीएसवर मागतात, तेव्हा ते हवं असेल तर मॅपमध्ये तिसरी ओळ.

आणि एक. प्रत शिळी झाल्यावर नवी येईपर्यंत जुनीच देत राहायची सोय त्याच आठवड्यात लावली होती. खरं सांगायचं तर नऊ वाजताचा अर्धा त्रास तिनेच गेला. सर्व्हर पुन्हा १ जीबीचा आहे. भाऊ दिवाळीत आला की त्याला हेडरचंच सांगतो, ह्या सोयीचं नाही.