काडी फिरवून बघायची की नुसती टेकवून? छोट्या इंजिनांच्या ऑईलबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : विहिरीवर पेट्रोलचा पंप आहे. मेकॅनिक सांगतो, ऑईल बघताना झाकणाची काडी आट्यात फिरवायची नाही, नुसती टेकवायची. भावाकडच्या लॉन मोवरच्या पुस्तकात मात्र पूर्ण घट्ट करून बघा असं छापलंय. खरं कोणाचं? (चिपळूण)

दोघांचंही. होंडाच्या जीएक्स160, जीएक्स200 या इंजिनांत काडी पुसायची, भोकात घालायची, पण आटे न फिरवता वर टेकवूनच बाहेर काढून बघायची. त्याच बांधणीची 168एफ, 170एफ अशी चिनी इंजिनं आपल्याकडे पंपांवर आणि वीडरवर (तण काढायच्या यंत्रावर) भरपूर दिसतात, त्यांनाही सहसा हीच पद्धत. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या मोवर इंजिनात उलट आहे. तिथं झाकण पूर्ण आवळायचं, मग सोडून खूण वाचायची.

आट्यांच्या उंचीएवढा फरक म्हणजे किती, असं वाटेल. पण जीएक्स160 मध्ये एकूण ऑईलच सुमारे 600 मिली मावतं. तुमच्या पंपात काडी फिरवून बघितलीत तर ती जास्त खोल जाते आणि ऑईल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. तुम्ही निर्धास्त, आणि आत कमी. या इंजिनात ऑईल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडला खाली एक छोटी पळी असते, ती फिरताना ऑईल उडवते आणि त्यावर सगळं चालतं. पातळी उतरली की पळीला ऑईल लागत नाही. भावाच्या मोवरमध्ये नुसती टेकवून बघितलं तर ऑईल कमी दिसेल आणि तो वरून ओतत राहील. जादा ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) एअर फिल्टरमध्ये जातं, प्लग काळा पडतो, पांढरा धूर येतो.

पुस्तक हरवलं असेल तर होंडाच्या बांधणीच्या आडव्या शाफ्टच्या इंजिनाची एक सोपी खूण आहे. इंजिन सपाट असताना ऑईल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, सांडायच्या बेतात आलं, की भरलं. मला काडीपेक्षा हीच खूण भरवशाची वाटते. सपाट म्हणजे मात्र खरंच सपाट. विहिरीच्या काठावर एका चाकाखाली दगड घालून उभा केलेला पंप चालणार नाही.

बघायचं सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी. चालू इंजिन बंद केलं असेल तर ऑईल खाली उतरायला काही मिनिटं द्या. झाकण उघडण्याआधी भोवतीची माती फडक्याने पुसा, नाहीतर तीच आत पडते. काडीच्या दोन्ही बाजू बघा, एका बाजूला जास्त दिसलं तर कमी दाखवणारी बाजू धरा.

प्रश्न : नवीन ग्रास कटर घेतला. ऑईलची काडी कुठेच सापडत नाही. (सावंतवाडी)

टू-स्ट्रोक असेल तर सापडणारच नाही. त्यात ऑईलची वेगळी टाकी नसते, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. 1:50 म्हणजे लिटरमागे 20 मिली, 1:25 म्हणजे 40 मिली. कोणतं प्रमाण हे पुस्तक आणि ऑईलच्या बाटलीवर बघा. नुसतं पेट्रोल घालून चालवलंत तर पिस्टन जाम होईल. ‘4-मिक्स’ लिहिलेली काही यंत्रं फोर-स्ट्रोक असूनही मिश्रणावरच चालतात, तिथं फसू नका.

होंडा जीएक्स35 सारखं साधं फोर-स्ट्रोक असेल तर ऑईलचं झाकण इंजिनावर असतं. इंजिन आडवं, समतल ठेवा आणि भोकाच्या काठापर्यंत भरलंय का बघा. यात एकूण 100 मिली ऑईल असतं. 20-30 मिली कमी झालं म्हणजे चौथाई गेलं, तेव्हा रोज बघा.

प्रश्न : उताराच्या बागेत वीडर मध्येच बंद पडतो. सपाटीवर आणला की सुरू. ऑईल तर भरलेलं आहे. (देवगड)

ऑईल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर असणार. उतारावर ऑईल एका बाजूला सरकतं आणि सेन्सरला ते कमी वाटतं. पातळी पूर्ण असूनही होत असेल तर तो उतार त्या इंजिनाला जास्त आहे. वायर काढून सेन्सर ‘बायपास’ करून देणारे भेटतील. ऐकू नका.

प्रश्न : पंपात ऑईल घातलं नाही, तरी पातळी वाढलीय. चांगलंच नाही का? (सांगोला)

चांगलं अजिबात नाही. इंजिन सुरू करू नका. आधी काडीचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑईल पातळ लागत असेल, तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा राहिल्यावर पेट्रोल झिरपून खाली गेलंय. अशा ऑईलने बेअरिंग झिजतात, शिवाय आगीचा धोका. सुई साफ करा किंवा बदला, ऑईल पूर्ण काढून नवीन भरा. काम संपलं की, आणि टेम्पोत यंत्र चढवण्याआधी, पेट्रोलचा कॉक बंद करायचा.

डिझेल इंजिनात पातळी वाढली तर फ्युएल पंपातून किंवा नोझलमधून डिझेल उतरतंय का ते तपासून घ्या. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. पाण्याने थंड होणारं इंजिन असेल तर पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर आणि हेडच्या मधल्या पॅकिंगवर.

प्रश्न : टेम्पोत जनरेटर आडवा झाला. आता दोरी ओढली जात नाही. (नारायणगाव)

ऑईल सिलिंडरमध्ये शिरलंय. जोर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. जनरेटर सरळ करा, स्विच बंद ठेवा, प्लग काढा, भोकावर फडकं धरा आणि दोरी हळूहळू ओढा. ऑईल बाहेर येईल. प्लग पुसून बसवा, एअर फिल्टर भिजलाय का बघा, आणि पातळी तपासूनच सुरू करा. थोडा वेळ पांढरा धूर येईल, घाबरू नका.

प्रश्न : नवीन वीडरचं ऑईल थोड्या तासांतच काळपट झालं. बदलू का? (पारनेर)

रंगावर जाऊ नका, तासांवर जा. जीएक्स160 ला पहिलं ऑईल 20 तासांनी किंवा महिन्याने, नंतर दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं असतं. पहिल्या ऑईलमध्ये नवीन भागांची धातूची भुकटी असते, म्हणून ते लवकर. आपल्या हवेत 10डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑईल चालतं. गरम इंजिनाचं ऑईल लवकर आणि पूर्ण निथळतं. आणि वीडरच्या गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असतं, ते इंजिनाच्या काडीवर दिसत नाही. त्याचा लेव्हल बोल्ट सोडून भोकाच्या काठाशी ऑईल आहे का, तेही त्याच दिवशी बघून घ्या.