पहिलं जुनं घड्याळ: खिशातलं की मनगटावरचं?

जुनं घड्याळ पहिल्यांदाच घेताय आणि खिशातलं, मनगटावरचं दोन्ही आवडतात? छानच आहे, पण सुरुवात मनगटी घड्याळाने करा. माझं मत विचाराल तर चावीचं एचएमटी जनता. १७ ज्वेलचं (झीज कमी व्हावी म्हणून बसवलेल्या माणकाच्या बारीक खड्यांचं) साधं, दणकट यंत्र. एचएमटीने १९६१ साली बंगळुरूत जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनवायला घेतली आणि ती घराघरांत पोचली. त्यामुळे जुन्या घड्याळजींचा हात त्यावर बसलेला आहे, सुटे भागही मिळतात. रोज ठरावीक वेळी चावी द्या आणि ती अडली की तिथेच थांबा.

खिशातल्या घड्याळाची ओढ मी समजू शकतो. मोठी तबकडी, मागचं झाकण उघडलं की यंत्राची सगळी हालचाल डोळ्यांसमोर! पण शंभर वर्षं जुन्या बहुतेक घड्याळांत धक्का सोसायची सोय नसते. हातातून निसटलं तर बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ राखणाऱ्या चाकाचा, नाजूक आस मोडतो आणि तो नवा घडवणारा कारागीर सहज सापडत नाही. म्हणून खिशातलं घड्याळ दुसऱ्या खेपेला घ्या. तेव्हा वॉल्थम किंवा एल्जिन या जुन्या अमेरिकी कंपन्यांची घड्याळं पाहा. यंत्रावरच्या क्रमांकावरून त्यांचं साल काढता येतं.

नवखे हमखास इथे चुकतात:

- चकचकीत डायलला भुलतात. भडक रंगांची जुनी एचएमटी बहुधा नव्याने रंगवलेली असतात. थोडं पिवळटलेलं मूळ डायल केव्हाही चांगलं.
- टिकटिक ऐकली की खूश होतात. आतलं तेल सुकलेलं असू शकतं, म्हणून सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धराच.
- पाण्यात नेतात.

ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी), क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेली) वगैरे सध्या राहू द्या.